चारी चाके सारखीच का झिजत नाहीत?

नवी मोटारगाडी दारात येते त्या दिवशी तिच्या चारी चाकांवर एकाच कारखान्यातले, एकाच मापाचे व एकाच नक्षीचे टायर असतात. पुढे ही चारी चाके एकाच रस्त्याने, एकाच वेळी व एकाच धन्याच्या हुकमतीखाली फिरतात. पुढचे चाक मुंबईहून पुण्यास पोहोचले आणि मागचे मात्र कर्जतलाच राहिले, असे कधी घडत नाही. तरीदेखील तीस-चाळीस हजार किलोमीटरांनंतर पाहावे तो पुढच्या टायरांची नक्षी पुसट झालेली, मागच्यांची अद्यापि ठसठशीत; पुढच्या दोहोंतही बहुधा डावा अधिक घासलेला; आणि त्या डाव्याचीही बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त खाल्लेली, असा प्रकार नजरेस येतो. प्रवास सारखा आणि झीज असमान, ही गोष्ट वरवर पाहता अन्यायाची वाटते. तिची कारणमीमांसा करू लागले म्हणजे असे आढळून येते की, टायर चालल्याने फारसा झिजत नाही. तो घसरल्याने झिजतो. आणि चारी चाके सारखेच अंतर चालत असली तरी सारखी घसरत नाहीत.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवितात. ही धाव वर्षानुवर्षे टिकते, आणि दोन्ही चाकांच्या धावा बहुतेक सारख्याच झिजतात. लोखंड कठीण असते हे त्याचे एक कारण. पण तेवढेच नव्हे. गाडी ओढण्याचे काम चाकाकडे नसतेच. चाक बिचारे नुसते लोळत जाते. जमिनीला रेटा देणे, चढावर पाय रोवणे, उतारावर गाडी आवरून धरणे आणि वळणावर ती वळविणे हे सारे कष्ट बैलांच्या खुरांना पडतात, आणि म्हणून धावेच्या पुष्कळ आधी खुरांना मारलेल्या पत्र्या झिजून जातात. मोटारीला बैल नाहीत. तेव्हा तिच्या चाकांना धावेचे आणि पत्रीचे अशी दोन्ही कामे करावी लागतात. कोणत्या चाकाच्या वाट्याला पत्रीचे काम किती आले, यावर त्या चाकाच्या टायरचे आयुष्य अवलंबून राहते.

टायर रस्त्याला टेकतो तो केवढ्या जागेवर, याची पुष्कळांस कल्पना नसते. साधी घरगुती मोटार, आत माणसे बसलेली, अशी १,१०० किलो वजनाची धरली तर एकेका चाकावर सरासरी २७५ किलो भार येतो. टायरातील हवेचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरास सुमारे सव्वादोन किलो. भारास दाबाने भागण्याचा शाळेतला हिशेब केला की उत्तर येते सुमारे १२२ चौरस सेंटिमीटर. टपालखात्याचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे आईबाप आणि मुलेबाळे घेऊन धावणारी गाडी रस्त्याला धरून असते ती अवघ्या चार पोस्टकार्डांएवढ्या जागेने. वेग घेणे, थांबणे, वळणे, एखादे मूल आडवे आले असता गाडी जागच्या जागी उभी करणे, ही सारी कामे या चार पोस्टकार्डांनी करावयाची असतात.

तेथे नेमके काय चालते ते डोळ्यांना दिसत नाही. त्याची कल्पना कपडे घासण्याच्या ब्रशावरून येईल. ब्रश फरशीवर दाबून धरावा आणि त्याची लाकडी पाठ हळूच पुढे ढकलावी. केसांची टोके आरंभी जागची हालत नाहीत. केस नुसते वाकतात. आणखी ढकलले म्हणजे टोके एकाएकी सुटतात व फरकन पुढे सरकतात. टायरचे रबर असेच वागते. नक्षीतील रबराचा एखादा ठोकळा फिरत फिरत खाली येतो, रस्त्याला चिकटतो आणि चाकाचा रेटा बसू लागला की वाकतो. तो त्या पोस्टकार्डाच्या मागल्या कडेशी येऊन पोहोचला म्हणजे त्याच्यावरचा भार हलका होतो, पकड ढिली पडते, आणि वाकलेले रबर झटक्याने सरळ होता होता रस्त्यावर घासले जाते. ही घसर अगदी सूक्ष्म असते, पण झीज बव्हंशी तेव्हाच होते. रेटा जितका मोठा तितके वाकणे अधिक, आणि तितकी घसरही अधिक.

रबर आणि कठीण पदार्थ यांच्यामधील ही छुपी घसर प्रथम ध्यानात आणून दिली ती मँचेस्टरचे अध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी, १८७५ साली. लोखंडी रूळ लाकडावरून लोटला असता जेवढे अंतर कापतो त्याहून रबरावरून लोटला असता थोडे कमी कापतो, असे त्यांस आढळले. हवेचा टायर त्या वेळी प्रचारात नव्हता; बेलफास्टच्या डनलॉपने तो केला १८८८ साली. पुढे १९६० साली शालामाख आणि टर्नर या दोघा संशोधकांनी घसरणाऱ्या चाकांच्या झिजेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांतून निघणारा ठोकताळा असा की, चाकावरचा आडवा रेटा दुप्पट झाला तर झीज दुप्पट होऊन थांबत नाही. ती सुमारे चौपट होते.

या ठोकताळ्याचा अर्थ व्यवहारात काय होतो हे घाटातील वळणावरून कळते. वळणावर गाडीस बाहेर फेकणारा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकातही असते. रेट्याच्या वर्गाने झीज वाढणार. म्हणजे एकंदरीत वेगाच्या चौथ्या घाताने. जे वळण ताशी ३० किलोमीटर वेगाने घेता येते तेच ताशी ४० ने घेतले तर रेटा पावणेदोन पट होतो आणि टायरची झीज तिपटीहून अधिक. दहा किलोमीटरांच्या घाटात या घाईने वाचतात ती मिनिटे पाच. सोबतच्या मंडळींस मळमळू लागते ते वेगळेच.

आणखी एक हिशेब मनोरंजक आहे. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात आणि कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत त्या वापरता येतात. म्हणजे झिजावयास शिल्लक ६.४ मिलिमीटर. हे रबर ५०,००० किलोमीटर पुरले असे समजू. लहान मोटारीच्या चाकाचा घेर अदमासे १.८ मीटर धरला तर तेवढ्या अंतरात चाकाचे पावणेतीन कोटींहून अधिक फेरे होतात. भागाकार केला असता दर फेऱ्यास मिलिमीटरचा सुमारे ४३ लाखावा भाग झिजतो असे निघते. ही जाडी म्हणजे एखाद-दुसऱ्या अणूची जाडी! अर्थात ही नुसती सरासरी झाली. रबर काही एकेका अणूने सुटत नाही, त्याचे बारीक कण निघतात. आणि सर्व फेरेही सारखे नसतात. सपाट व सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना जवळजवळ काहीच खर्च होत नाही. मग एखादा करकचून लावलेला ब्रेक, सिग्नल हिरवा होताच मारलेली एखादी उडी किंवा उतारावरचे एखादे घाईचे वळण येते, आणि कित्येक किलोमीटरांची शिल्लक त्या दोन-चार सेकंदांत उडून जाते. एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीचे टायर साठ हजार किलोमीटर चालतात आणि दुसरीचे तिसातच आटोपतात, त्यात कारखान्याचा दोष क्वचितच असतो.

आता पुढच्या आणि मागच्या चाकांचा प्रश्न. या बाबतीत आपल्याकडील जुन्या आणि नव्या मोटारवाल्यांच्या बोलण्यात एक गमतीची विसंगती आढळते. जुना मोटारचालक शपथेवर सांगेल की, मागचे टायर आधी जातात. नवा तितक्याच खात्रीने सांगेल की पुढचे. दोघेही खरे बोलतात. जुन्या माणसाचे आयुष्य अँबेसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या सहवासात गेले. या गाड्यांचे इंजिन पुढे असे, पण त्याची शक्ती लांब दांड्यावाटे मागच्या चाकांकडे जाई. मागची चाके गाडी ढकलीत, पुढची नुसती दिशा दाखवीत. १९८३ सालच्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीयांच्या घरोघरी जी गाडी गेली तिची ओढणारी चाके पुढची होती. इंजिन पुढे, गिअरची पेटी पुढे, ओढण्याचे काम पुढे आणि वळण्याचेही पुढेच. अशा गाडीचे सुमारे साठ टक्के वजन उभ्या स्थितीतच पुढच्या चाकांवर असते. त्यात ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालते, मागचा भार पुढे सरकतो, आणि थांबविण्याचे दोन-तृतीयांश किंवा त्याहून अधिक काम पुढच्या चाकांवर पडते. घाट उतरताना गिअर खाली घेऊन इंजिनाने गाडी आवरावी हे उत्तमच; पण तो आवरही पुढच्या चाकांतूनच लागतो. मागची चाके मात्र बैलगाडीच्या धावेसारखी लोळत येतात. पुढच्या टायरांची दुसरी जोडी संपत आली तरी मागची पहिलीच जोडी चालू आहे, असे दृश्य अशा गाड्यांत म्हणूनच दिसते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचे मालक टायर लवकर संपतात अशी तक्रार करू लागले आहेत, तीही याच सूत्रात बसते. बॅटरीमुळे गाडी जड, आणि विजेच्या मोटारीचा जोर पाय दाबताक्षणी पूर्णपणे मिळतो. रेटा मोठा आणि तोही एकदम, म्हणून घसर अधिक.

डाव्या-उजव्याचा भेद समजण्यास आपल्या रस्त्याचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे चौकात डावीकडचे वळण आखूड असते व ते सावकाश घेतले जाते. उजवीकडचे वळण ऐसपैस असते आणि बहुतेक जण ते वेगात घेतात. वर्तुळाकार चौकाला आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळसा घालतो, म्हणजे तेथेही बराच वेळ उजवीकडे वळत राहतो. गाडी उजवीकडे वळली की तिचा भार डावीकडे झुकतो, आणि पुढचे डावे चाक आपल्या बाहेरच्या कडेवर तो तोलून धरते. त्यातच पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच व कडेला उतरता केलेला असतो. खड्डे, खचलेल्या कडा आणि फुटपाथाचे दगड हे सर्व डाव्याच अंगाला. उजव्या बाजूने वाहने चालविणाऱ्या देशांत हे सारे उलट होते. शहरातील बहुमजली वाहनतळांची भर यात अलीकडे पडली आहे. चाक पुरते वळवून गोल गोल वर चढणे, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडी उभी असतानाच सुकाणू गरगरा फिरविणे. ताकदीचे सुकाणू आल्यापासून हाताला त्याचे श्रम जाणवत नाहीत. रबराला ते जाणवतात.

येथवर सांगितलेली झीज स्वाभाविक आहे. यापुढची झीज रोगाची आहे, आणि ती ओळखता येते. जुन्या चपलेची टाच पाहून माणूस कसा चालतो हे सांगता येते. फेंगड्या चालीच्या माणसाची टाच एकाच अंगाने उतरते. मोटारीची पुढची दोन चाके एकमेकांस अगदी समांतर असावीत असा स्थूलमानाने नियम आहे. चवडे आत वळवून चालणाऱ्या माणसाप्रमाणे ती आत वळली तर दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा खाल्ल्या जातात, बाहेर फाकली तर आतल्या. हा दोष एखाद्या खोल खड्ड्यात चाक आपटल्याने निर्माण होतो आणि पुढे वर्षभर कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा दोष किती महाग पडतो? एक चाक आपल्या योग्य दिशेपासून केवळ एक अंशाने वळलेले आहे असे धरू. चालताना ते दर किलोमीटरास सुमारे साडेसतरा मीटर आडवे ओढले जाते; त्रिकोणमितीचे कोष्टक ज्याच्याजवळ असेल त्याने एक अंशाची ज्या काढून पाहावी. गाडी १०,००० किलोमीटर चालली म्हणजे हे आडवे ओढणे १७५ किलोमीटर झाले. मुंबईहून पुणे दीडशे किलोमीटर. म्हणजे एक टायर मुंबईपासून पुण्याच्याही पलीकडे आडवा ओढीत न्यावा, त्यातला प्रकार! रबर लवचिक असल्याने हे सगळे अंतर प्रत्यक्ष घासले जात नाही, काही भाग नुसत्या वाकण्यात जिरतो, ही गोष्ट खरी. तरीपण पाच-सहा हजार किलोमीटरांत नव्या टायरची कड गुळगुळीत व्हावयास तेवढे पुरते. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. गाडी थंड असताना तळहात टायरवरून आडवा, बाहेरून आत व आतून बाहेर, असा फिरवावा. एका दिशेने मऊ लागले आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागली, तर चाकांची दिशा बिघडली आहे असे खुशाल समजावे. अर्ध्या-पाऊण तासाचे हे दुरुस्तीचे काम आहे. आसनांच्या गवसण्यांवर हजारो रुपये खर्च करणारे, दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ आणि एरवी लिंबू-मिरची न चुकता बांधणारे गृहस्थ एवढ्या कामाला मात्र वर्षानुवर्षे चालढकल करतात, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

चाक उभे न राहता वरच्या अंगाने आत कलले तर फक्त आतली कड झिजते. ही झीज घातक अशासाठी की, उभ्याने पाहणाऱ्यास ती दिसत नाही. बाहेरून टायर नवा वाटतो आणि आतून त्याचे धागे उघडे पडू लागलेले असतात. टायरवर थोड्या थोड्या अंतराने खोलगट चकत्या पडल्या असतील तर धक्के शोषणारे दांडे निकामी झाले आहेत व चाक रस्त्यावर उड्या मारीत चालले आहे. चारांपैकी एकच चाक अकारण झिजत असेल तर त्याचा ब्रेक सुटत नसण्याचा संभव असतो.

हवेविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. हवा कमी असली की टायर मधे पोकळ होऊन दोन्ही कडांवर टेकतो व कडा झिजतात. जास्त असली की मधला पट्टा झिजतो. झिजेहून मोठे भय कमी हवेत आहे. टायरच्या बाजू दर फेऱ्यास दुमडून पुन्हा सरळ होत असतात. हवा कमी तितके दुमडणे जास्त, आणि दुमडण्यातून उष्णता उत्पन्न होते. विदर्भातील उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटच्या लांबच लांब सरळ रस्त्यावर असा टायर झिजण्याची वाट पाहत नाही, तो फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथील अपघातांनंतर २०२३ साली परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या अडविण्यास सुरुवात केली, ती याच धास्तीने. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. किती भरावी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तो पाहून हवा भरणे चूक आहे.

रबराच्या जातीमुळे आणि रस्त्याच्या पोतामुळेही फरक पडतो. मऊ रबर रस्त्याला घट्ट धरते आणि लवकर संपते. कठीण रबर टिकते, पण धरत नाही. यास्तव अधिक किमतीचा टायर अधिक टिकेलच असे नाही, त्याची किंमत कदाचित पकडीबद्दल दिलेली असेल. महाराष्ट्रातील रस्त्यांची खडी बहुतेक काळ्या पाषाणाची. नुकत्याच घातलेल्या खडीच्या धारा तीक्ष्ण असतात, व तसल्या रस्त्यावर झीज जास्त होते.

यानंतर पावसाळ्याचा विचार. ओल्या रस्त्यावर टायर सर्वांत कमी झिजतो, कारण पाणी वंगणाचे काम करते आणि रबर थंड ठेवते. म्हणजे टायरची नक्षी खर्च होते ती उन्हाळ्यात आणि तिची गरज लागते ती आषाढात. कोरड्या रस्त्यावर नक्षीवाचून काही अडत नाही. शर्यतीच्या गाड्या तर कोरड्या मैदानावर मुद्दाम सपाट टायर चढवितात. खाचा असतात त्या केवळ पाण्यासाठी. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे सरकते. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले असेल तर १४ सेंटिमीटर रुंदीच्या त्या पोस्टकार्डापुढून दर सेकंदाला नऊ लिटरांहून अधिक, म्हणजे लहानशी बादलीभर, पाणी बाजूस सारावे लागते. आणि पोस्टकार्डाची ९ सेंटिमीटर लांबी ओलांडून जावयास टायरला वेळ मिळतो तो सेकंदाचा सुमारे २५० वा भाग. खोल खाचांना हे साधते. उथळ खाचांना साधत नाही. पाण्याची पाचर टायरखाली शिरते, टायर उचलला जातो आणि गाडी होडीप्रमाणे तरंगू लागते. त्या क्षणी सुकाणू फिरविले तरी दिशा बदलत नाही आणि ब्रेक दाबला तरी वेग कमी होत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेतील हॉर्न आणि ड्रेअर यांनी १९६३ साली विमानांच्या चाकांविषयी प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे, हे तरंगणे ज्या वेगाला सुरू होते तो टायरातील दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हवा एक-चतुर्थांशाने कमी असेल तर तो वेग सुमारे तेरा टक्क्यांनी खाली येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर असावी असे आहे, आणि खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे लहान लहान बांध कारखान्यातच घातलेले असतात. नक्षी झिजत त्या बांधांच्या बरोबरीला आली की टायर संपला. परंतु ही कायद्याची हद्द झाली. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने मे महिन्यातच खाच मोजावी, आणि ती ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर पावसाआधीच नवे टायर घ्यावेत हे बरे.

असमान झीज पुरती टाळता येत नाही, पण चारी टायरांत वाटून टाकता येते. दर आठ-दहा हजार किलोमीटरांनंतर त्यांच्या जागा बदलाव्या. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे न्यावेत, आणि मागचे पुढे आणताना डावा उजवीकडे व उजवा डावीकडे घालावा. ज्या टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो त्याची बाजू मात्र बदलू नये.

दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील तर ते कोठे घालावेत, यावर घरोघरी एकच उत्तर मिळते: पुढे, कारण पुढचेच झिजले. हे उत्तर चुकीचे आहे. नवे टायर मागे घालावेत आणि मागचे चांगले टायर पुढे आणावेत. पुढची चाके पावसात घसरली तर गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते. पाय उचलला, वेग कमी झाला की पुष्कळ वेळा ती पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडीची शेपटी फिरते आणि ती स्वतःभोवती गिरकी घेते. अशी गिरकी कसलेल्या चालकालाही सहसा सावरता येत नाही, मग सहकुटुंब सहलीला निघालेल्या गृहस्थाची काय कथा.

राहता राहिले पाचवे चाक, सामानाच्या कप्प्यात झोपलेले. ते रस्त्यावर फिरत नाही, घसरत नाही आणि झिजतही नाही. पण हवेतील प्राणवायू, ओझोन व उष्णता यांच्यामुळे त्याचे रबर आतल्या आत कडक होऊन तडकत असते. प्रत्येक टायरच्या अंगावर कारखान्याचा एक लांबट संकेतांक छापलेला असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. दहा वर्षांपूर्वीचा आकडा निघाला, तर नक्षी कितीही कोरी असली तरी तो टायर गाडीला लावू नये.